साकीनाक्याचं केशर

कामात असताना मामांना किती वाजले विचारलं, तर ते “चारशे बारा” म्हणायचे.

मामा म्हणजे सगळ्या वर्कशॉपचेच मामा. ते वाइंडर होते. जळलेली मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार काढून टाकायची आणि नवी गुंडाळायची, हे त्यांचं काम. वेढे मोजून घालावे लागतात. एक वेढा कमी पडला तरी मोटर मनातल्या मनात कुरकुरते, असं त्यांचं मत होतं. दोन-चार वेढ्यांनी काही बिघडत नाही, हे माझं मत. ते मोजत असताना कुणी मध्येच काही विचारलं, की उत्तर म्हणून चालू आकडाच सांगून टाकायचे. एकदा पोस्टमन दारात येऊन म्हणाला, “शेठ आहेत का?” मामा म्हणाले, “नऊशे तीस.” पोस्टमनने थोडा विचार केला, पत्र खिडकीत ठेवलं आणि निघून गेला.

ही गोष्ट आमच्या वर्कशॉपमध्ये निदान शंभर वेळा सांगून झाली असेल. दर वेळी सगळे हसायचे आणि दर वेळी मला वाटायचं, यात हसण्यासारखं काय आहे? सरळ उत्तर दिलं असतं तर काय तोंड दुखलं असतं? आता इतक्या वर्षांनी लपवण्यात अर्थ नाही. मला मामांचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, जेवताना घास अडकावा इतका.

मी तिथला फोरमन होतो. साकीनाक्याला मुख्य रस्ता सोडून आत वळलं की पत्र्याच्या शेडची एक रांग होती, त्यातली चौथी शेड आमची. फ्रीज, वॉटर कूलर, बाटल्यांचे कूलर असलं सगळं दुरुस्तीला यायचं. माझ्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट होतं, ते मी चौकट करून टेबलामागे टांगलं होतं. गॅस भरणं, नळी जोडणं, गळती शोधणं यात माझा हात धरणारा अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत कुणी नव्हता. हे मी नाही, शेठ सांगायचे. म्हणजे मामांची ती पेटी उभी राहीपर्यंत सांगायचे.

मामा पन्नाशीचे, बुटके, मूळचे मालवणकडचे आणि राहायला घाटकोपरला, असल्फ्याच्या चढावर. शाळा सातवीपर्यंत. शर्टाच्या खिशात पेन असतं तिथे त्यांच्या खिशात थर्मामीटर असायचा. तापाचा नव्हे, प्रयोगशाळेत असतो तसा लांब काचेचा. तो कुठून मिळवला होता देव जाणे. चहा आला की आधी त्यात थर्मामीटर बुडवायचे, “बासष्ट” म्हणायचे आणि मग प्यायचे. पत्र्याचं तापमान, सावलीचं तापमान, नळाच्या पाण्याचं तापमान, सगळं त्यांना पाठ. मे महिन्यात आम्ही घामाने निथळत असलो की सांगायचे, “अडोतीस. काल सदोतीस होता. उगाच नाय तुमका जास्त होता.” मी एकदा विचारलं, हे मोजून करायचंय काय? तर म्हणाले, “माणसाक कसलीय सवय होता रे फोरमन. झाडाक होणा नाय.” त्या वेळी त्यांच्याकडे एकही झाड नव्हतं.

झाडाचं खूळ सुरू झालं ते श्रीखंडावरून. दसऱ्याला शेठच्या घरून वर्कशॉपला श्रीखंड यायचं, पिवळंधमक. शेठ गुजराती, पण जन्म घाटकोपरचा, आमच्याइतकंच मराठी बोलणारे. त्या वर्षी स्वतः वाढता वाढता म्हणाले, “केशर घातलंय हं, काश्मीरचं.” मामांनी चमचा नाकाशी नेला. थर्मामीटर घातला नाही हे नशीब. मग म्हणाले, “शेठ, ह्यां केशर नाय. ह्यो रंग आसा.”

श्रीखंड शेठाणींनी केलेलं होतं.

“मग मामा, खरं केशर तुम्ही आणा,” शेठ जरा चिडूनच म्हणाले.

“आणूचा कित्याक? पिकवतंय. हयसरच. फुडच्या दसऱ्याक श्रीखंड धवळाच आणा, केशर माझा.”

साकीनाक्याला, पत्र्याच्या शेडमध्ये केशर! त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने मी हसलो. माणूस आपल्या पायांनी खड्ड्यात चालला होता आणि त्याला ढकलण्याचं पापही मला लागणार नव्हतं.

केशराचे कांदे मिळाले ते शाली विकणाऱ्या एका काश्मिरी माणसाकडून. तो दर थंडीत आमच्या गल्लीत गाठोडं घेऊन यायचा. गल्लीत शाल कोण घेणार? पण मामा त्याला बसवून चहा पाजायचे आणि तिकडे कुठल्या महिन्यात किती थंडी पडते ते विचारून घ्यायचे. तो बिचारा “बहुत” म्हणायचा. मामा म्हणायचे, “बहुत माने कितना?” पुढच्या खेपेला त्याने रुमालात बांधून चाळीस कांदे आणून दिले. लसणाच्या गड्ड्याहून लहान, तपकिरी जाळीचे कपडे घातलेले. मामांनी ते घरी नेऊन परातीत पसरून ठेवले आणि आंघोळीला गेले. बाहेर येऊन बघतात तर मामींनी दोन सोललेले. बांगड्याच्या कालवणाला कांदा कमी पडत होता. तेव्हापासून मामा मोजून अडतीस कांदे म्हणायचे आणि प्रत्येक वेळी मामींकडचे ते दोन धरून चाळीस.

आता थंडी हवी. वर्कशॉपच्या मागच्या कोपऱ्यात एक फ्रीज पडून होता, गोल खांद्यांचा, जुना. गिऱ्हाईक देऊन गेलं ते परत फिरकलंच नव्हतं. बाहेरून गंजलेला, दाराचं रबर फाटलेलं, पण कॉम्प्रेसर ठणठणीत. मामांनी केशराच्या पेटीसाठी शेठकडून तो मागून घेतला. आतल्या जाळ्या काढल्या, लाकडी फळ्या घातल्या, दाराला नवं रबर बसवलं. दोन लहान ट्यूबलाइट आत लावल्या आणि त्यांचे चोक बाहेर काढले, कारण चोक तापतो. पंख्याची एक छोटी मोटर स्वतः गुंडाळून आत बसवली. इतकी सावकाश फिरायची की पात्यावरची माशी उडू नये. त्या मोटरीला किती वेढे होते ते त्यांनी मला न विचारता सांगितलं होतं. मी लक्षात ठेवलं नाही.

अडलं ते थर्मोस्टॅटवर. फ्रीजचा थर्मोस्टॅट चार-पाच अंशांच्या आसपास खेळतो, सतरावर थांबायचं त्याला ठाऊकच नसतं. आणि कळ्यांना हवे होते सतरा. मामांनी स्क्रू पिळून पिळून दोन थर्मोस्टॅटांची वाट लावली. मी आठ दिवस चहा पीत ती गंमत बघितली. नवव्या दिवशी मलाच राहवलं नाही. कारागिराचा हा शाप असतो, चूक समोर दिसत असताना गप्प बसवत नाही, मग ती वैऱ्याची का असेना. म्हटलं, “मामा, वॉटर कूलरचा लावा की. पाणी काय कुणी बर्फ करून पितं? आणि त्याचा बल्ब, ते थंडी चाचपणारं टोक, बर्फाच्या खणाला टेकवू नका, मधे हवेत लोंबता ठेवा.”

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना काश्मीर काढून दिलं. तासाभरात पेटी सतरावर येऊन थांबली. ते दर दहा मिनिटांनी दार उघडून थर्मामीटर बघत होते आणि “सतरा, सतरा” म्हणत मला हाका मारत होते.

पुढे कुणीही पेटी बघायला आलं की ते आधी सांगायचे, “ही आयडिया आमच्या फोरमनाची.” अगदी न चुकता. पण लोकांना त्याचं काय? ते मान हलवायचे आणि पुन्हा मामांनाच विचारायचे, “मग मामा, फूल कधी येणार?” मामांनी माझं नाव दडवलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. नाव घेऊनही ते माझं होत नव्हतं.

फ्रीजना रंग मारणाऱ्या आमच्या पेंटरने पेटीला ‘श्रीनगर’ नाव पाडलं. “मामा कुठायत?” “श्रीनगरला गेलेत.” शेठ आपली गिऱ्हाइकं मागच्या कोपऱ्यात घेऊन जायला लागले. ज्या माणसाचा फ्रीज मी दोन दिवस खपून, साबणाचा फेस लावून लावून, टाचणीएवढं भोक शोधून दुरुस्त केला, तो माणूस श्रीनगर बघून खूश होऊन घरी जायचा. कधीकधी आपला फ्रीज न्यायला विसरायचा.

आधी पेटीत मेथी लावून बघितली. ट्यूबच्या उजेडात ती अशी काही फोफावली की मामा आठवडाभर सगळ्यांना जुड्या वाटत होते. खत आणायचे आरे कॉलनीतल्या तबेल्यांमधून, जेवणाच्या डब्यात भरून, बसमधून. एकदा कंडक्टरने हटकलं, “डब्यात काय आहे?” मामा म्हणाले, “झाडाचा जेवाण.” माझ्या वाटणीची मेथी मी घरी नेली. बायकोने तिची भाजी केली आणि म्हणाली, “काय कोवळी आहे हो! कुणाकडून आणलीत?” मी म्हटलं, बाजारातून.

पण मेथीचं खोटं फार दिवस टिकलं नाही. वर्कशॉपच्या सत्यनारायणाला बायको आली होती. मामांनी तिला पेटी उघडून दाखवली, कांदे दाखवले, काश्मीरमध्ये कुठल्या महिन्यात काय होतं ते सांगितलं. तिने प्रसादाचा द्रोण हातात घेऊन अर्धा तास ऐकलं. मुलुंडला घरी परत जाताना सगळ्या वाटेत ती मामांबद्दलच बोलत होती. मी सांगितलं, त्यातला थर्मोस्टॅट माझ्या डोक्यातून निघालेला आहे.

“हो, ते म्हणाले ना,” ती म्हणाली. मग अगदी सहज, “तुम्ही का हो कधी असं काही करत नाही?”

तिच्या मनात टोचण्याचं काही नव्हतं, हे मला माहीत आहे, आणि त्यामुळेच ते लागलं. गळक्या नळ्या बंद करणं, बंद यंत्रं चालू करणं, हे मला येत होतं. पण कुणी सांगितलं नसताना, कुणाचं अडलेलं नसताना, नुसतं मनात आलं म्हणून एखादी गोष्ट करावी, असं मला कधी सुचलंच नव्हतं. मामांना रोज सुचायचं.

पहिल्या वर्षी कांद्यांवर बर्फाच्या खणाचं पाणी ठिबकलं आणि बरेचसे सडले. मी तोंडाने हळहळलो. मामांनी ठिबक बाजूला काढायला उतरता पत्रा बसवला आणि शालवाल्याला पुन्हा कामाला लावलं. दुसऱ्या वर्षी कांद्यांना नुसती पात आली, लांबच लांब हिरवी पात, फुलाचा पत्ता नाही. पेंटर म्हणाला, “मामा, केशर नाय, गवत आलं!” त्या संध्याकाळी मी जिलबी घेऊन घरी गेलो. “आज काय आहे?” बायकोने विचारलं. “काही नाही,” मी म्हटलं, “सहज वाटलं.” इतकी गोड जिलबी मी त्याआधी खाल्ली नव्हती. माणूस इतका हलका असू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं, आणि तो माणूस मी होतो.

तिसऱ्या वर्षी अधिक महिना आला. त्यामुळे दसरा चांगला ऑक्टोबरच्या शेवटाला गेला, काश्मीरमध्ये केशर फुलतं त्याच दिवसांत. मामांना हा शकुनच वाटला. गणपती गेल्यावर त्यांनी थंडी पाडायला घेतली. रोज अर्धा-एक अंश खाली. “एकदम नाय. तेंका वाटाक व्हया, दिस फिरले.” कांद्यांना फसवण्याचं काम ते इतकं हळुवारपणे करायचे की कांद्यांनीही फसून घेतलं असावं. नवरात्र बसलं त्या आठवड्यात कोंब दिसले, पांढरे, सुईसारखे. सातव्या माळेला एका कोंबाच्या टोकाला जांभळी झाक आली.

त्या दिवशी वर्कशॉपमध्ये कुणी काम केलं नाही. शेठ घरी फोन करून म्हणाले, “या वर्षी श्रीखंड सफेदच ठेव. एक काडीसुद्धा घालू नको.” मी घरी काही बोललो नव्हतो, पण बायकोला पेंटरच्या बायकोकडून कळलंच. म्हणाली, “दसऱ्याला मलापण न्या. मला ती फुलं बघायचीत.”

आता खंडेनवमीची अडचण होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सगळी यंत्रं, हत्यारं धुऊन-पुसून त्यांची पूजा व्हायची. झेंडूची फुलं, हळदकुंकू, नारळ. आरती झाली की फोरमनने मेन स्विच खाली ओढायचा, आणि मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत पानासुद्धा उचलायचा नाही. वर्षभर राबणाऱ्या यंत्रांचा तो विश्रांतीचा दिवस. शेठच्या वडिलांपासूनची ही रीत, आणि शेठ बाकी कशातही ढिले असले तरी यात नव्हते. आधीच्या दोन्ही वर्षी याचा त्रास झाला नाही. पहिल्या वर्षी तोवर कांदेच सडले होते आणि दुसऱ्या वर्षी दसरा लवकर असल्याने थंडी सुरू झाली नव्हती. या वर्षी मात्र आत कळ्या होत्या, आणि वर ऑक्टोबरातला पत्रा.

मामांनी शेठची परवानगी काढली. मेन बंद होऊ दे, श्रीनगर चालू राहील. त्यासाठी त्यांनी मीटरपासून वेगळी वायर ओढली आणि मोठ्या स्विचच्या शेजारी पेटीपुरता एक लहान स्विच बसवला. मोठा ओढला तरी लहान्याला काही व्हायचं नाही.

पूजा दुपारी आटोपली. मामांनी पेटीलाही हळदकुंकू लावलं, दाराच्या मुठीला झेंडूची माळ बांधली. त्यांना भांडुपला बहिणीकडे जायचं होतं. निघताना मला म्हणाले, “फोरमन, मोठो ओढ. ल्हान्याक हात लावू नको.” मी हो म्हटलं. दारातून मागे वळून पुन्हा तेच म्हणाले. रस्त्यापर्यंत जाऊन परत आले आणि तिसऱ्यांदा म्हणाले. तिसऱ्यांदा ते स्वतःच हसले. “माका म्हायत आसा, तू इसारणार नाय.”

खरंच, मी विसरलो नाही.

प्रसाद घेऊन सगळे पांगले. किल्ली माझ्याकडे. मी मोठा स्विच ओढला. रोजची सगळी घरघर थांबली आणि मागच्या कोपऱ्यातून एकट्या श्रीनगरचा आवाज यायला लागला. मी जाऊन दार उघडलं. गार हवा तोंडावर आली. लाकडाच्या फळ्यांवर कांदे ओळीने मांडलेले आणि त्यांतल्या अकरांच्या कोंबांमधून कळ्या वर आलेल्या. मिटलेल्या, बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या, जांभळ्या. तसा जांभळा रंग मी साकीनाक्याला कधी कशालाच बघितला नव्हता. उद्या सकाळपर्यंत उमलणार होत्या. उद्या शेठ, पेंटर, सगळे याच्याभोवती उभे राहणार होते. आणि माझी बायको.

मी दार लावलं. स्विचपाशी आलो. मनाशी म्हटलं, आज सगळ्याच यंत्रांना विश्रांती असते, रीत म्हणजे रीत. हे वाक्य मी दोनदा म्हटलं, आणि दोन्ही वेळा मला माहीत होतं की हे खोटं आहे. मग लहान स्विच खाली ओढला. शटर ओढलं, कुलूप घातलं आणि घरी जाऊन छान जेवलो. झोपही लागली. लोक म्हणतात पाप केलं की झोप येत नाही. मला आली.

सकाळी मामा धुतलेला पांढरा शर्ट घालून आले. हातात एक लहानसा पितळी खलबत्ता होता, घासून लखलखीत केलेला. केशर खलायला. बायको माझ्याबरोबर होती. शेठने श्रीखंडाचं पातेलं टेबलावर ठेवलं, झाकण काढलं, पांढरंशुभ्र. “चला मामा, तुमच्या श्रीनगरला.”

मामांनी मुठीवरची माळ सोडली आणि दार उघडलं. आतून कोंदट, ऊन वाफ आली. कळ्या आडव्या झाल्या होत्या. काहींची टोकं तपकिरी, काही नुसत्या चिकट. एक अर्धवट उमलायला गेली होती आणि तशीच कोमेजली होती. मामांनी खिशातला थर्मामीटर काढला, आत धरला, बराच वेळ धरला. “तेहतीस,” म्हणाले.

पेंटर धावत स्विचकडे गेला. “शेठ, दोन्ही खाली आहेत!”

“लहान कुणी ओढला?” शेठचा आवाज चढला. “फोरमन, किल्ली तुझ्याकडे होती ना?”

विसरलो म्हणावं, चुकून हात लागला म्हणावं, काही ना काही निघालं असतं. पण स्विचच्या मुठी दोन, त्याही वेगवेगळ्या, एकीला मुळी हात लावायचा नाही म्हणून तीनदा बजावलेलं. मामांनी एकदा स्विचकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. तेवढ्यात त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं.

“मीच सांगितलंय तेका,” मामा म्हणाले. “वर्सातसून एक दिस सगळ्या यंत्रांका इश्रांती. मगे माझ्याच यंत्राक कित्याक नको? देवाचा नियम तो सगळ्यांका सारको.”

तीन वर्षं ज्याने एकेक अंश सांभाळला त्या माणसाने हे केलं असेल, यावर शेठचा विश्वास बसला नाही. पण मामांना खोटं ठरवायचं कसं? म्हणाले, “ते काही असो. पुढच्या वर्षी खंडेनवमीची किल्ली माझ्याकडे राहणार.”

“नको शेठ,” मामा म्हणाले. “चावी हेच्याकडेच रवांदे. ह्या पेटीवर हेच्याएवढा लक्ष दुसऱ्या कोणाचा नसता.”

सगळे हसले. पेंटर म्हणाला, “हा, बरोबर, फोरमन तर दिवसभर श्रीनगरकडेच बघत असतात!” मीही हसण्यासाठी तोंड उघडलं. बायको हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खाली मान घालून वाट्या मांडायला लागली. पांढरं श्रीखंड सगळ्यांनी खाल्लं. मामांनी दोनदा घेतलं, “बेस्ट झाला” म्हणाले आणि रिकामा खलबत्ता परत पिशवीत ठेवला.

बायकोने तो विषय नंतर कधी काढला नाही. मामांनीही नाही. त्यांचं माझ्याशी वागणं बदललं असतं, एखादा शब्द तिरका आला असता, तर माझं बरंच ओझं उतरलं असतं. पण त्या माणसाने माझ्यावर तेवढीही मेहरबानी केली नाही. दुसऱ्या दिवशी दारात “अठ्ठावीस” म्हणत आले आणि माझ्या टेबलावर चहा ठेवून गेले. मला वाईट वाटायचं ते दोन गोष्टींचं. एक, मी ते केलं. दुसरी, त्यांच्या जागी असतो तर मी त्यांच्यासारखं बोललो नसतो. कळ्या काय, पुढच्या वर्षीही येतात. ही दुसरी गोष्ट कुठल्या थर्मोस्टॅटने येणार होती?

कांदे मेले नव्हते. त्यांना पात आली, पातीच्या मुळाशी नवे कांदे धरले. पुढच्या वर्षी दसरा लवकर होता, म्हणून मामांनी श्रीनगरमध्ये थंडीही लवकर पाडली. खंडेनवमीला आरती झाली. निघताना त्यांनी मला या वेळी काहीही बजावलं नाही. मी मोठा स्विच ओढला, लहान्याकडे पाठ करून शटर लावलं आणि रात्रभर तळमळलो. मी काही केलेलं नसताना मला झोप आली नाही.

दसऱ्याला सगळ्यांच्या दीड तास आधी जाऊन मी कुलूप उघडलं. पेटी चालू होती. दार उघडलं तर आत एकोणीस फुलं. पुरती उमललेली, जांभळी, आणि प्रत्येकातून तीन तीन लालभडक तंतू बाहेर लोंबत होते. त्यांचा वास मला आधी आला आणि रंग नंतर दिसला. केशर असं दिसतं हे जगात पुष्कळांना माहीत असेल, पण साकीनाक्याला त्या सकाळी ते फक्त मला माहीत होतं. मला वाटलं होतं की माझा जीव भांड्यात पडेल. आनंद होईल, निदान रडू येईल. तसलं काही झालं नाही. मनात पहिला विचार आला तो हा, की ही फुलं माझी असायला हवी होती.

तिथे उभं राहून मी ती एकोणीसच्या एकोणीस पुन्हा मोजली. मग दार हलकेच लावून घेतलं, आतला गारवा जाऊ नये म्हणून.